डोंगरमाथ्यावरचं मैदान

मेलबर्न

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, शनिवारी फोन लागला नाही म्हणून तू काळजीत होतीस. आम्ही वॉलहॅला नावाच्या गावी गेलो होतो आणि तिथे रेंज मिळाली नाही. फोनवर दोन मिनिटांत उरकावं असं ते गाव नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

मेलबर्नहून पूर्वेला साधारण 180 किलोमीटर. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मध्ये ओढा आणि ओढ्याच्या कडेने रस्ता, एवढंच गाव. कायमची वस्ती जेमतेम वीस माणसांची. 1862 च्या डिसेंबरअखेरीस नेड स्ट्रिंगर आणि त्याच्या सोबत्यांना या ओढ्यात सोनं सापडलं. थोड्याच दिवसांत डोंगराच्या पोटात सोन्याची शीरच हाती लागली आणि माणसं धावत आली. नेड मात्र 1863 सालीच वारला. ओढ्याला त्याचं नाव राहिलं, सोनं दुसऱ्यांनी काढलं. त्याच्यासाठी मला फार वाईट वाटलं.

जागेची एवढी टंचाई की आगीच्या बंबाचं घर चक्क ओढ्यावर बांधलंय, खालून पाणी वाहतं. आणि आई, या गावात सरकारी तारेची वीज कधी आली असेल? 1998 साली! तेव्हा आपल्या घरी टीव्ही होता आणि मी शाळेत जात होते.

खाण तुलाही बघता येईल. पायऱ्या नाहीत, बोगद्यातून सपाट चालत जायचं. आत डोंगर पोखरून एक मोठं दालन केलंय, तिथे पूर्वी वाफेची यंत्रं होती. त्यांच्या भट्ट्यांसाठी आसपासचे डोंगर पार बोडके केले होते म्हणे. आज तिथे इतकं दाट रान आहे की खरं वाटत नाही. माहिती सांगणाऱ्या बाईंनी क्षणभर दिवे घालवले. चिनूने माझा हात घट्ट धरला. त्या काळोखात माणसं मेणबत्तीवर दिवसभर दगड फोडायची, तो धुरळा छातीत भरून घ्यायची. वर स्मशानभूमी आहे, इतक्या चढावर की कबरी एकीवर एक रचल्यासारख्या दिसतात. तिथे मी फार वेळ थांबू शकले नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी. गावात सपाट जमीनच नाही, तर या लोकांनी क्रिकेटसाठी डोंगराचा माथा तासून मैदान केलं! वळणावळणाची पायवाट, पाऊण तासाची चढण. बाहेरचा संघ वर पोचेपर्यंतच दमून जायचा. मी वर गेले. चारी बाजूंना झाडं, मध्ये गवताचा तुकडा, आणि वाऱ्याशिवाय आवाज नाही. रविवारी तुम्ही बोलिंग टाकायचात आणि मी बांधावर बसून स्कोअर लिहायचे, ते सगळं डोळ्यांसमोर आलं. तुम्ही इथे हवे होतात, दुसरं काही मनात येईना.

परतताना तिथल्या छोट्या गाडीत बसलो. माथेरानच्या गाडीपेक्षा जराशी रुंद रुळांची, दरीच्या कडेकडेने जाणारी. या रेल्वेसाठी गावाने वर्षानुवर्षं वाट पाहिली. ती आली 1910 साली, आणि 1914 साली मोठी खाण बंद पडली. मग लोकांनी राहती घरं उतरवली, फळ्या-पत्रे त्याच गाडीत भरले आणि गाव सोडलं. खिडकीतून ओढा बघताना हेच डोक्यात घोळत होतं.

बाबा, गेली चार वर्षं तुम्ही "पुढच्या वर्षी नक्की" म्हणताय. तुमच्या गुडघ्यांना ती चढण आज जमेल, सावकाश जाऊ, वाटेत बसत. चिनू सात वर्षांचा आहे, त्याला तुमच्याकडूनच चेंडू धरायला शिकायचंय. पासपोर्टची मुदत मार्चमध्ये संपतेय, तो अर्ज याच आठवड्यात भरा. व्हिसाचे कागद मी तयार करून पाठवते. आई, तुझ्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घे.

आणि कपाटातली ती निळ्या पुठ्ठ्याची स्कोअरची वही नक्की आणा. चिनूला दाखवीन असं सांगून बसलेय.

तुमची,
मनू