साहेब, बावन्न चाळीचे हजेरीपट कुठे आहेत?

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार यांस,

स. न. वि. वि.

16 एप्रिल आला की आमच्या ठाण्यात 1853 सालच्या पहिल्या गाडीची आठवण निघते. 14 डबे, 400 पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 21 तोफांची सलामी. शाळकरी पोरंही घडाघडा सांगतात. 1 जूनला पुणे स्टेशनात डेक्कन क्वीनचा वाढदिवस होतो, केक कापतात. दोन्ही मला आवडतं, तक्रार त्याबद्दल नाही.

1930 साली ही राणी निघाली तेव्हा घाटातून तिला विजेचं इंजिन ओढत होतं. 1925 मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, 1929 पर्यंत तारा पुण्याला पोचल्या. एवढ्या गाड्यांना वीज हवी म्हणून जीआयपी म्हणजे तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं डोंबिवली-कल्याणच्या मधल्या ठाकुर्लीला स्वतःचं पॉवर हाऊस बांधलं, कोळशावरचं. जुनी माणसं त्याला चोळे पॉवर हाऊस म्हणत, कारण शेजारी चोळे गाव. आणि रेल्वेच्या कामगारांची तिथली वस्ती म्हणजे बावन्न चाळ.

माझे आजोबा बॉयलरवर होते. वाऱ्यानं दिशा बदलली की राख थेट अंगणात यायची आणि आजी कुरडयांवर आजोबांचं धोतर पसरायची. तरी कुरडया करकरायच्याच. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, “खा, आपल्याच घरची राख आहे.” नाईट करून आलेला माणूस झोपलाय म्हटल्यावर अख्खी चाळ कुजबुजत बोलायची, आम्हा पोरांना मैदानात हाकलायचे. घड्याळ कुणाला लागायचं नाही. कुठली गाडी गेली यावरून भात टाकायचा.

पुढे पॉवर हाऊस बंद पडलं. माणसं रिटायर झाली, क्वार्टर सुटले, भिंतींत पिंपळ शिरला. स्टेशनालगतची जागा, तिचा भाव काय सांगावा! तिथे काय बांधायचं ते बांधा. पडक्या चाळी जपून ठेवा असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. त्या छपराखाली चार पावसाळे काढलेला माणूस असं म्हणणारच नाही.

मला हवेत ते कागद. आजोबांची नोकरी कुठल्या साली लागली एवढंच विचारायला मी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिसऱ्यांदा साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, जुनं सगळं रद्दीत गेलं असेल. ‘असेल’ म्हणजे शोधलेलं नाही, हो ना? जुन्या इंजिनांना रंग देऊन आपण स्टेशनाबाहेर उभं करतो. मग हजेरीपट, क्वार्टर वाटपाची रजिस्टरं, पॉवर हाऊसचे नकाशे एकदा धुंडाळायला काय हरकत आहे? सापडतील तेवढे स्कॅन करून ठाण्यातल्या एखाद्या वाचनालयात ठेवा. आणि चाळीतली जी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडून ऐकून घ्या.

आमच्या शेजारच्या काकू नव्वदीला टेकल्या आहेत. कुठल्या खोलीत कोण राहायचं, कुणाची ड्युटी काय, सगळं तोंडपाठ. ऐकू मात्र कमी येतं, तेव्हा माणूस पाठवाल तो खणखणीत बोलणारा पाठवा. दुपारी एक ते तीन त्या झोपतात.

कळावे,
आपला नम्र,
बावन्न चाळीत वाढलेला एक ठाणेकर