स्मृतिदिनाचे टिपण छापण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिनविशेषाचे टिपण चार ओळींचे असते. पण शाळेच्या फळ्यावर तेच उतरते आणि स्मृतिदिनाच्या भाषणातही तेच वाचले जाते. मग एकदा छापलेली चूक वर्षानुवर्षे निघत नाही.

जून महिना घ्या. पाली भाषेचे पंडित धर्मानंद कोसंबी 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला वारले, त्यांचे चिरंजीव, गणिती दामोदर 29 जून 1966 रोजी पुण्यात. वडील धर्मानंद दामोदर, मुलगा दामोदर धर्मानंद. आद्याक्षरांत दोघेही डी. डी. कोसंबी! एवढ्यावर टिपण लिहिले की पालीचा पंडित गणिती होऊन बसतो. म्हणून नाव आणि वडिलांचे नाव पूर्ण लिहावे.

गावाबरोबर तालुकाही हवा. गोव्यात केरी नावाचे गाव फोंड्यात आहे, सत्तरीत आहे, पेडण्यातही आहे. गायिका केसरबाई केरकर फोंड्याच्या केरीच्या. त्यांची जयंती 13 जुलैला, मोगूबाई कुर्डीकरांची 15 जुलैला, आणि दोघींचीही तालीम अल्लादिया खाँसाहेबांकडे. त्या आठवड्यात फोटो लावताना पाठीमागचे नाव वाचूनच लावावा. मोगूबाईंचे कुर्डी साळावलीच्या धरणाखाली गेले, उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते; हे अर्ध्या ओळीत तरी सांगावे, नाहीतर मुले नकाशात गाव शोधत बसतात.

केसरबाईंना ‘सूरश्री’ ही पदवी 1948 साली कोलकात्याच्या संगीतप्रेमी मंडळींच्या समितीने दिली. रवींद्रनाथांना त्यांचे गाणे फार आवडे, हेही सांगितले जाते. ही दोन वाक्ये शेजारी आली की घाईत एक होतात आणि पदवी रवींद्रनाथांच्या हातून दिली जाते. ते 7 ऑगस्ट 1941 रोजीच निवर्तले होते. घटनेचे साल आणि माणसाच्या मृत्यूचे साल समोरासमोर मांडले तर अशी चूक तिथल्या तिथे सापडते. याच पडताळ्यात कधी मोठे काही हाती लागते. ‘जात कहाँ हो’ ही केसरबाईंची भैरवी ध्वनिमुद्रिकेवर घेऊन व्हॉएजर 1 हे अमेरिकेचे अंतराळयान 5 सप्टेंबर 1977 रोजी सुटले, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. यान सुटून अकराच दिवस झाले होते. त्यांच्या स्मृतिदिनी हे छापायलाच हवे.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या दोन्ही तारखा बाराच: जन्म 12 मार्च 1911, निधन 12 ऑगस्ट 1973. इथे महिना दोनदा तपासावा.

मृत्यूची तारीख जुन्या कात्रणावरून घेताना अंकाची तारीख उचलू नये. बातमी बहुधा दुसऱ्या दिवशी येते. मजकुरातला वार बघून मागे मोजावे. घरचे लोक पुण्यतिथी तिथीने करतात, ती दरवर्षी सरकते. आपण इंग्रजी तारखेने छापतो, तेव्हा ‘स्मृतिदिन’ म्हणणे बरे. जुन्या पत्रिकेत शके असेल तर 78 मिळवावेत, मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला 79. पौष-माघातल्या जन्मांचे साल इथेच एकाने चुकते.

शंका राहिली तर पणजीत पाट्टो भागात कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, तिथे जुने अंक पाहता येतात. आणि चूक झालीच, तर दुरुस्ती दिनविशेषाच्याच चौकटीत छापावी. आतल्या पानावरची दुरुस्ती फळा लिहिणाऱ्या शिक्षकांच्या नजरेस पडत नाही.

आपले,
कात्रणे सांभाळणारे काही वाचक,
फोंडा