डेस्कटॉप बिघडला म्हणून वाय-फाय का जावे?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: अपडेटनंतर बंद पडलेले दोन संगणक आणि त्यामागची तुमची रचना

महोदय/महोदया,

मिरजेत माझे डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, अधूनमधून एखाद्या पतसंस्थेचा अहवाल. गेल्या वर्षी तुमच्याकडून तीन संगणक घेतले, तुमच्याच लिनक्स सिस्टिमसह आणि तिच्यावरच्या तुमच्याच डेस्कटॉपसह, म्हणजे पडद्यावर खिडक्या, मेनू आणि चिन्हे दाखवणाऱ्या प्रोग्रामसह. वर्षभर काही तक्रार नव्हती, हे आधी सांगतो.

गेल्या गुरुवारी रात्री अपडेट आले. शुक्रवारी सकाळी दोन संगणकांवर पासवर्ड टाकला की काळा पडदा आणि त्यावर माउसचा बाण, बस्स. काउंटरवर मुलीचे वडील पत्रिकेचे प्रूफ बघायला उभे. हेल्पलाइनवर सांगितले, "दुरुस्ती आली आहे, डाउनलोड करा." कशी करू? वाय-फायचा पासवर्ड तुम्ही ठेवलात डेस्कटॉपच्या वॉलेटमध्ये, म्हणजे त्याच्या पासवर्डांच्या तिजोरीत. डेस्कटॉप सुरू नाही म्हणून वॉलेट उघडत नाही, ते उघडत नाही म्हणून वाय-फाय नाही, आणि वाय-फाय नाही म्हणून दुरुस्ती नाही. घराला कुलूप आणि किल्ली आत!

शेवटी भाच्याने कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून नुसत्या अक्षरांचा पडदा उघडला, मोबाइल केबलने जोडून नेट दिले आणि एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप टाकला. चित्र आले, पण मराठी गेली. मराठी टायपिंग चालवणारे आयबस सिस्टिममध्ये होते, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्डही होता. पण ते सुरू करण्याचे काम तुम्ही फक्त तुमच्या डेस्कटॉपकडे दिलेले. प्रिंटर तेवढा वाचला, कारण छपाई सांभाळणारे कप्स कोणत्याही डेस्कटॉपच्या आधाराने उभे नाही. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता टाकला की त्याचे पान उघडते, डेस्कटॉप कोणताही असो.

मग तुमचा डेस्कटॉप काढायला गेलो, तर काढायच्या यादीत नेट जोडून देणारा नेटवर्क मॅनेजरही! घाबरून 'नाही' दाबले. यावर हेल्पलाइनचे उत्तर: "सर, डेस्कटॉप आणि सिस्टिम एकच आहे." विंडोज ९८ वर धंदा सुरू केलेल्या माणसाला हे नवीन नाही. ब्राउझर विंडोजपासून वेगळा काढता येत नाही, असे मायक्रोसॉफ्टही म्हणत होती. अमेरिकी सरकारने १९९८ साली भरलेल्या खटल्यात त्याचा बराच कीस पडला.

जोडणी नकोच, असे मी म्हणत नाही. पेन ड्राइव्ह खोचला की समोर दिसावा, प्रिंटरचा कागद संपला की निरोप यावा, हे हवेच. पण ही कामे डेस्कटॉपने सिस्टिमकडून करून घ्यावीत, स्वतःच्या खिशात घालू नयेत. केडीई प्लाझ्मा आणि एक्सएफसीई हे डेस्कटॉप लिनक्सहून वेगळ्या फ्रीबीएसडी सिस्टिमवरही चालतात, म्हणजे खालचा कर्नेल, सिस्टिमचा गाभाच, बदलला तरी वरचा संसार थांबत नाही. मग तुमच्याच सिस्टिमवर दुसरा डेस्कटॉप का अडावा?

दोन्ही संगणक हमीत आहेत, माणूस पाठवून पूर्ववत करून द्यावेत. वाय-फाय आणि कीबोर्डची निवड सिस्टिमच्या पातळीवर साठवावी. लॉगिनच्या पडद्यावर एक साधा, पर्यायी डेस्कटॉप आधीपासूनच असू द्यावा. आणि डेस्कटॉपचे अपडेट सुरक्षेच्या अपडेटपासून वेगळे करावे. सध्या दोन्ही एकाच गाठोड्यात येतात, म्हणून तिसऱ्या संगणकाचे सगळेच अपडेट मी बंद ठेवले आहे.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक, मिरज