टक्के नका मोजू, मतं कुठे पडतात ते बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

सर्व्हेत ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट्सचे (कॉन्झर्वेटिव्ह आणि लेबर या दोन मोठ्या पक्षांच्या मधला पक्ष) दोन-चार टक्के हलले की आपल्याकडे लगेच ‘लाट आली’ नाहीतर ‘पक्ष संपला’ असं छापून येतं, तुमच्याकडेही आलं म्हणून लिहितोय. मी मेडनहेडला राहतो, पासपोर्ट भारताचाच, पण कॉमनवेल्थवाल्यांना इथे पार्लमेंटसाठी मत देता येतं (आपल्या बऱ्याच जणांना हे माहितीच नसतं, नावच नोंदवत नाहीत).

2010 ला टीव्ही डिबेटनंतर यांचा तेव्हाचा नेता निक क्लेग याची अशी हवा झाली की विचारू नका. मतं वाढून 23 टक्के झाली, सीट मात्र 62 च्या 57 झाल्या! 2024 ला बरोब्बर उलटं, 2019 पेक्षा एकूण मतं कमीच पडली आणि सीट 11 वरून थेट 72. त्याच निवडणुकीत रिफॉर्म या उजव्या पक्षाला यांच्यापेक्षा जास्त मतं, पण सीट फक्त 5.

हे जमलं कसं, तर पाडापाडीच्या हिशोबाने, म्हणजे जिथे कॉन्झर्वेटिव्ह पहिला तिथे त्याला पाडायला लेबरवाल्यांनीही यांनाच मत द्यायचं. तिकडे नेता एड डेव्ही विंडरमिअर तळ्यात पॅडलबोर्डवरून धपकन पडून फोटो देत होता, इकडे दारात पत्रकं. जाहीरनामा राहिला बाजूला, एक मोठा बार चार्ट, त्यात लेबरची दांडी बोटभर आणि वर ठळक अक्षरात, इथे लेबर येऊच शकत नाही (दांड्या मापात असतातच असं नाही, त्यावरून इथे कायम टिंगल चालते). आमच्या शेजारचे आजोबा जन्माचे कॉन्झर्वेटिव्ह, म्हणाले लेबरवर काही हात जात नाही पण आमच्यांनाही धडा शिकवायचाय, आणि पलीकडची पक्की लेबरवाली, दोघांनी मत दिलं लिबरल डेमोक्रॅट्सनाच. कॉन्झर्वेटिव्हांच्या माजी पंतप्रधान थेरेसा मेंचं मेडनहेड गेलं, दुसरे माजी पंतप्रधान कॅमेरॉन यांचं विटनी पण गेलं.

पण ही मतं उसनी आहेत हो. 2010 च्या निवडणुकीआधी कॉलेजची फी वाढवणार नाही म्हणून यांच्या उमेदवारांनी सह्या केल्या, मग कॅमेरॉनबरोबर सरकारात बसले आणि डिसेंबर 2010 ला कॉलेजची फी वर्षाला 9000 पौंडांपर्यंत न्यायला यांच्याच मंत्र्यांनी मतं दिली. पोरं तर गेलीच, पण कॉन्झर्वेटिव्हना अडवायला म्हणून मत देणारे लेबरवालेही गेले, त्यांनी का थांबावं? 2015 ला 57 च्या 8 राहिल्या आणि सगळ्यात जास्त सीट नेल्या त्या सरकारातल्या जोडीदारानेच. छोट्या जोडीदाराचं काय होतं हे महाराष्ट्राला मी काय सांगणार.

तेव्हा पुढच्या वेळी सर्व्हे छापाल तर टक्क्यांसोबत एवढं द्याच की हा पक्ष किती जागांवर दुसरा आहे आणि तिथे पहिला कोण आहे.

आपला,
एक वाचक, मेडनहेड (इंग्लंड)