सायप्रसचा जामीनदार आणि त्याची संसद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी सायप्रसची राजधानी निकोसियाला भेट दिल्यापासून आपल्याकडे सायप्रसविषयी पूर्वीपेक्षा बरेच अधिक लिहिले आणि बोलले जाऊ लागले आहे. या लेखनाचा रोख बहुतेक वेळा तुर्कस्तानवर असतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण १९७४ पासून त्या बेटाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात आहे. परंतु ज्या देशाने या बेटावर ब्याऐंशी वर्षे राज्य केले, ज्याने त्याच्या स्वातंत्र्याची आणि अखंडतेची लेखी हमी दिली आणि ज्याचे दोन लष्करी तळ आजही तेथे आहेत, त्या ब्रिटनचा उल्लेख या चर्चेत ओझरताच होतो. त्यातही ब्रिटिश संसदेने या बेटाशी कसा व्यवहार केला, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. माझ्या मते सायप्रसच्या दुखण्याचा बराचसा भाग त्या उत्तरात दडलेला आहे.

सुरुवात १९५४ पासून करावी लागेल. त्या वर्षी २८ जुलै रोजी वसाहत खात्याचे राज्यमंत्री हेन्री हॉपकिन्सन यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये सायप्रसवर बोलताना असे विधान केले की, राष्ट्रकुलातील काही प्रदेशांना त्यांच्या विशिष्ट परिस्थितीमुळे पूर्ण स्वातंत्र्याची अपेक्षा कधीच करता येणार नाही. विरोधी बाकांवरून त्यावर गदारोळ झाला, परंतु तो ‘कधीच नाही’ बेटावर पोहोचायचा तो पोहोचलाच. १ एप्रिल १९५५ रोजी ‘एओका’ या ग्रीक सायप्रियट संघटनेचा सशस्त्र लढा सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी ग्रीक सायप्रियट समाजाचे नेते आर्चबिशप मकारिओस यांना सेशेल्स बेटांवर हद्दपार करण्यात आले. एका विधानाने बंड पेटते असे मी म्हणणार नाही, कारण ग्रीसमध्ये विलीन होण्याची मागणी त्याच्या कितीतरी आधीची होती. तरीही सनदशीर मार्गाने काही मिळेल असे मानणाऱ्यांच्या पायाखालची जमीन त्या दिवशी लंडनमधूनच काढून घेतली गेली, हे नाकारता येत नाही.

अवघ्या सहा वर्षांत तीच संसद ‘सायप्रस कायदा, १९६०’ मंजूर करून बेटाला स्वातंत्र्य देत होती. मात्र ते स्वातंत्र्य ज्या करारांच्या चौकटीत आले, ती आधी झुरिकला ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी ठरवली होती आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये लंडनमध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब झाले होते. बेटावरच्या लोकांसमोर ती जवळजवळ तयार स्वरूपातच ठेवली गेली. ग्रीक सायप्रियट राष्ट्राध्यक्ष, तुर्की सायप्रियट उपराष्ट्राध्यक्ष, दोघांनाही नकाराधिकार, प्रतिनिधिगृहात ३५ आणि १५ अशी जागांची विभागणी, सरकारी नोकऱ्यांत ७० आणि ३० टक्के, सैन्यात ६० आणि ४० टक्के अशी ती राज्यघटना होती, आणि तिची मूलभूत कलमे बदलण्याची सोयच ठेवलेली नव्हती. त्याबरोबर आला हमीचा करार. ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान या तिघांनी सायप्रसच्या स्वातंत्र्याची, प्रादेशिक अखंडतेची आणि सुरक्षिततेची हमी घेतली. कराराचा भंग झाल्यास तिघांनी आपसांत विचारविनिमय करावा आणि एकत्रित कृती शक्य नसेल तर प्रत्येकाला केवळ मूळची व्यवस्था पूर्ववत करण्याच्या हेतूने स्वतंत्र कृती करता यावी, असे त्याचे चौथे कलम सांगते.

याच व्यवहारात ब्रिटनने अक्रोतिरी आणि ढेकेलिया ही दोन क्षेत्रे स्वतःकडे ठेवून घेतली. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ ९९ चौरस मैल, म्हणजे बेटाच्या सुमारे तीन टक्के आहे. ही जमीन भाडेपट्ट्याने घेतलेली नाही, तेथे ब्रिटनचे सार्वभौमत्व आहे. हजारो सायप्रियट नागरिक या हद्दीत राहतात, शेती करतात, आणि त्यांच्या डोक्यावर जो प्रशासक असतो तो तेथील ब्रिटिश फौजांचा प्रमुखच असतो. त्याला निवडून देण्यात या रहिवाशांचा कसलाही सहभाग नसतो. म्हणजे १९६० पासून ब्रिटन सायप्रसमध्ये एकाच वेळी दोन नात्यांनी उभा आहे. एक नाते जामीनदाराचे आणि दुसरे जमीनधारकाचे. दुसऱ्या नात्याचे हक्क ब्रिटनने आजवर अखंड उपभोगले आहेत. पहिल्या नात्याची वेळ आली तेव्हा काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली वेळ डिसेंबर १९६३ मध्ये आली. आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या मकारिओस यांनी घटनेत १३ बदल सुचवले, तणाव वाढला आणि नाताळच्या सुमारास निकोसियात रक्तपात सुरू झाला. ब्रिटिश सैन्य मध्ये पडले, जनरल पीटर यंग यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलीने युद्धबंदीची रेषा ओढली आणि ‘हरित रेषा’ हे नाव कायमचे चिकटले. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य आले. जनरल के. एस. थिमय्या हे त्याचे नेतृत्व करीत असतानाच डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्ये निवर्तले, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. पण त्या वर्षांत हजारो तुर्की सायप्रियट आपली गावे सोडून कोंडाळ्यासारख्या वस्त्यांत राहत होते, आणि राज्यघटनेने दिलेली त्यांची जागा त्यांना परत मिळवून देण्यासाठी हमीदार म्हणून लंडनने फारसे काही केले नाही. तुर्की सायप्रियट लोकांचा ब्रिटिश हमीवरचा अविश्वास तेव्हापासूनचा आहे. ग्रीक सायप्रियट बाजू ऐकणाऱ्यांच्या लक्षातून हे अनेकदा निसटते.

दुसरी वेळ १९७४ ची. १५ जुलै रोजी अथेन्समधील लष्करी राजवटीच्या चिथावणीने मकारिओस यांच्याविरुद्ध उठाव झाला आणि निकोस सॅम्पसन यांना सत्तेवर बसवण्यात आले. हा हमीच्या कराराचा उघड भंग होता. तुर्कस्तानचे पंतप्रधान ब्युलेंत एजेवित दोन दिवसांनी लंडनला आले आणि ब्रिटनने संयुक्त कारवाई करावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. ब्रिटनने नकार दिला. २० जुलैला तुर्की सैन्य उतरले, जिनिव्हातील चर्चा फिसकटताच १४ ऑगस्टला दुसरा हल्ला झाला आणि बेट दुभंगले. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेकडे लोटले गेले, हजारो तुर्की सायप्रियट उत्तरेकडे गेले. १९६३-६४ आणि १९७४ मिळून बेपत्ता झालेल्यांची अधिकृत यादी २००२ नावांची आहे आणि अस्थी शोधून ओळख पटवण्याचे काम अजून संपलेले नाही.

ब्रिटनला तेव्हा दुसरे काही करता आले असते का, असा प्रश्न कोणीही प्रामाणिकपणे विचारेल. नाटोतील एका सहकारी देशाशी युद्ध ओढवून घ्यायची कोणाचीच तयारी नव्हती, अमेरिका सोबत नव्हती, आणि तळांवर सैनिकांची कुटुंबे होती. हे सारे मान्य करूनही एक घटना मला महत्त्वाची वाटते. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात निकोसिया विमानतळ तुर्की सैन्य घेणार असे दिसताच संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने तो आपल्या ताब्यात घेतला, ब्रिटनने त्याला कुमक दिली, फॅन्टम लढाऊ विमाने अक्रोतिरीला धाडली आणि तुर्की सैन्य तेथे थांबले. म्हणजे ठामपणा दाखवला तेथे त्याचा उपयोग झाला होता.

येथे संसदेच्या श्रेयाची एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हाउस ऑफ कॉमन्सने सायप्रसवर एक निवड समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७६ मध्ये आला. ब्रिटनला हस्तक्षेपाचा कायदेशीर अधिकार होता, नैतिक कर्तव्य होते आणि लष्करी क्षमताही होती, तरी त्याने हस्तक्षेप केला नाही आणि त्याची कारणे द्यायला सरकार तयार नाही, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. आपल्याच सरकारविषयी संसदीय समितीने इतके स्पष्ट लिहावे, ही दुर्मिळ गोष्ट आहे. पण १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री असलेले जेम्स कॅलाहन हा अहवाल लोकांपुढे आला तोवर पंतप्रधान झाले होते. सभागृहाने तो निष्कर्ष हाती धरून सरकारला उत्तर द्यायला भाग पाडले नाही. समितीने आरोपपत्र लिहिले आणि सभागृहाने खटलाच उभा केला नाही.

त्यानंतरच्या दशकांत सायप्रसचा विषय वेस्टमिन्स्टरमध्ये येत राहिला, यात शंका नाही. उत्तर लंडनमध्ये दोन्ही समाजांची मोठी वस्ती असल्याने तेथील खासदार, काही ग्रीक बाजूने तर काही तुर्की बाजूने, नेमाने प्रश्न विचारतात. परंतु या सभागृहात सायप्रसचे नाव सर्वाधिक गांभीर्याने निघते ते बहुधा भलत्याच देशावरील चर्चेत. सप्टेंबर २०१४ मध्ये इराकमधील हवाई हल्ल्यांना ५२४ विरुद्ध ४३ मतांनी मंजुरी मिळाली आणि टोर्नेडो विमाने अक्रोतिरीहून निघाली. २ डिसेंबर २०१५ रोजी सीरियातील हल्ल्यांवर ३९७ विरुद्ध २२३ असे मतदान झाले आणि काही तासांतच त्याच धावपट्टीवरून विमाने झेपावली. एप्रिल २०१८ मध्ये सीरियावर पुन्हा हल्ला करताना तर संसदेला आधी विचारण्याचीही गरज सरकारला वाटली नाही, विमाने मात्र अक्रोतिरीहूनच गेली. आणि सप्टेंबर २००२ मध्ये इराक पंचेचाळीस मिनिटांत महासंहारक अस्त्रे वापरू शकतो असा दावा करणारे ते कुप्रसिद्ध सरकारी टिपण संसदेपुढे आले, तेव्हा लंडनच्या काही वृत्तपत्रांनी सायप्रसमधील ब्रिटिश सैनिक पंचेचाळीस मिनिटांच्या अंतरावर संकटात आहेत असे मथळे दिले. त्याच पल्ल्यात राहणाऱ्या सायप्रियट लोकांची आठवण त्या मथळ्यांना झाली नाही.

जो दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहतो, हप्ते थकल्यावर घरात नाही असे सांगतो आणि त्याच कर्जदाराच्या परसातली जागा मात्र वापरत राहतो, त्याला गावात कोणी प्रतिष्ठित म्हणत नाही. ब्रिटनच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, बेटाच्या एकीकरणाची संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांची योजना मान्य झाली तर तळांची जवळजवळ निम्मी जमीन सोडून देण्याची तयारी त्याने दाखवली होती. २४ एप्रिल २००४ च्या सार्वमतात तुर्की सायप्रियट मतदारांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी योजनेला होकार दिला, ग्रीक सायप्रियट मतदारांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी ती फेटाळली आणि तो देकार तेथेच राहिला. पण यातून एक गोष्ट सिद्ध होते. त्या जमिनीवाचून ब्रिटनचे काम भागते. मग ती परत करणे दोन समाजांच्या समझोत्यावर अवलंबून का असावे, याचे समाधानकारक उत्तर मला वेस्टमिन्स्टरच्या चर्चांत सापडलेले नाही.

हा विषय आताच मांडण्याचे कारण असे की, ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर सायप्रसमधील तुर्की सायप्रियट मतदारांनी दोन स्वतंत्र राष्ट्रांचा आग्रह धरणाऱ्या एर्सिन तातार यांना नाकारून संघराज्याच्या बाजूने बोलणाऱ्या तुफान एर्ह्युर्मान यांना आपले नेते म्हणून मोठ्या मताधिक्याने निवडले. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रान्स-मोंतानात एकीकरणाच्या वाटाघाटी मोडल्या, तेव्हा हमीची व्यवस्था आणि तुर्की सैन्याची उपस्थिती हेच मुख्य अडथळे होते. नव्याने वाटाघाटी उभ्या राहिल्या तर हा प्रश्न पुन्हा येईल आणि ब्रिटनला तेथे हमीदार म्हणूनच बसावे लागेल. त्या आधी हाउस ऑफ कॉमन्सने १९७६ च्या अहवालापासून पुढे सुरुवात करणारी एक नवी समिती नेमावी, १९७४ च्या निर्णयाची राहिलेली कागदपत्रे तिच्यापुढे ठेवावीत, तळांवरील रहिवाशांची साक्ष निकोसियात जाऊन घ्यावी आणि हमी ठेवायची की सोडायची यावर सभागृहात मतदान व्हावे, अशी मागणी सायप्रसमधील दोन्ही समाजांनी एकत्र केली तर ती अवाजवी ठरणार नाही.

आपल्या दैनिकाकडून माझी अपेक्षा यापेक्षा लहान आहे. सायप्रसचा नकाशा यापुढे छापताना हरित रेषेबरोबर अक्रोतिरी आणि ढेकेलिया यांच्या हद्दीही त्यावर दाखवाव्यात.

आपला,
एक वाचक