आपला सिनेमा आपणच किती दिवस बघायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. गणेशोत्सव, ढोल-ताशा पथकं, मराठी शाळा, बृहन्महाराष्ट्र मंडळाचं सॅन होजेतलं २०२४ चं अधिवेशन, त्याच उन्हाळ्यात तिथे भरलेला मराठी चित्रपट महोत्सव, सगळं आलं आहे. मी जवळच फ्रीमाँटला राहते, त्यामुळे वाचताना बरं वाटलं. पण एक प्रश्न लेखकाने विचारलाच नाही. हे सगळं बघायला मराठी माणसांखेरीज कोण येतं?

हा प्रश्न मला पडण्याचं कारण आहे सॅन फ्रान्सिस्कोचा अरब चित्रपट महोत्सव. १९९६ साली इथल्या काही मंडळींनी त्याचा पाया घातला, तेव्हा त्याचं नाव 'सिनेमायात' होतं. आज 'अरब फिल्म अँड मीडिया इन्स्टिट्यूट' ही संस्था तो भरवते. अमेरिकेतला हा सर्वांत जुन्या अरब महोत्सवांपैकी एक. उद्घाटनाचा खेळ बरीच वर्षं कॅस्ट्रो थिएटरात व्हायचा. १९२२ साली बांधलेलं, तेव्हा सुमारे चौदाशे आसनांचं असलेलं हे थिएटर म्हणजे शहराचा मानबिंदू. तिथे पडद्यावर अरबी अक्षरं उमटायची तेव्हा तो कार्यक्रम कुठल्या एका समाजाचा राहत नसे, शहराचा होई. आपल्यासारखा शाळेचा जिम्नॅशियम हॉल भाड्याने घेऊन ते साधत नाही.

आपल्याकडे अरब म्हटलं की दुबईचा शेख डोळ्यांसमोर येतो, फार तर कुलाब्यात पावसाळा बघायला उतरलेली कुटुंबं. इथले अरब वेगळे. कोपऱ्यावरचं किराणा दुकान चालवणारा येमेनी, रामल्लाहून आलेल्या पॅलेस्टिनी ख्रिश्चनांची तिसरी पिढी, इराकी डॉक्टर, मोरोक्कन संगणक अभियंता. येमेनी तर कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांवर मजूर म्हणूनही आले. शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेझ यांच्या युनियनच्या १९७३ च्या संपात मारला गेलेला नाजी दैफल्ला हा तरुण येमेनीच होता. (आणि इराणी अरब नव्हेत, हेही सांगून टाकते. फिल्म सोसायट्यांमुळे आपल्या पिढीला इराणी सिनेमा बऱ्यापैकी ठाऊक आहे, अरब सिनेमा जवळपास नाही, आणि दोन्ही एकच समजणारे भेटतात.)

हा महोत्सव सुरू का झाला, हे समजायला हॉलिवूडकडे बघावं लागतं. जॅक शाहीन या अभ्यासकाने नऊशेहून अधिक हॉलिवूडपट तपासून २००१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातला अरब बहुतेक वेळा अतिरेकी, लंपट शेख, नाहीतर उंटावरचा दरोडेखोर. डिस्नेच्या १९९२ च्या 'अलादीन'मधल्या गाण्याची एक ओळ अरब-अमेरिकनांच्या तक्रारीनंतर पुढच्या वर्षी व्हिडिओ काढताना बदलावी लागली. म्हणजे तक्रार करून फार तर एक ओळ बदलते. त्यापेक्षा आपलेच चित्रपट लोकांपुढे ठेवावेत, हा विचार मला जास्त पटतो. आणि ठेवण्यासारखं त्यांच्याकडे खूप आहे. कैरोत स्टुडिओ मिस्र १९३५ पासून. इजिप्तचा दिग्दर्शक युसूफ शाहीन याचा 'बाब अल्-हदीद' १९५८ चा. अल्जीरियाच्या मोहम्मद लख्दर-हमीनाला १९७५ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. सौदी अरेबियात तर २०१८ पर्यंत काही दशकं चित्रपटगृहंच बंद होती. तिथल्या दिग्दर्शिका हायफा अल्-मन्सूर यांनी २०१२ चा आपला चित्रपट रियाधमध्ये काढला, तेव्हा रस्त्यावरच्या प्रसंगांचं दिग्दर्शन त्यांना व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून करावं लागलं. मायदेशी ज्यांच्या सिनेमाला थिएटर नसतं, त्यांच्यासाठी परक्या शहरातला असा महोत्सव हौसेचा उरत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातल्या रॉक्सी या छोट्या थिएटरातला या महोत्सवातला एक खेळ आठवतो. चित्रपट मोरोक्कोचा. माझ्या शेजारच्या लेबनीज बाई खाली धावणाऱ्या इंग्रजी ओळी माझ्याइतक्याच मन लावून वाचत होत्या. मध्यंतर नव्हतंच, संपल्यावर विचारलं तर म्हणाल्या, "मोरोक्कन बोली आम्हाला कुठे कळते! इजिप्तची कळते, सिनेमे बघून बघून." तेव्हा लक्षात आलं, सबटायटल्स हा परक्यांवर केलेला उपकार नाही. अरबांनाही एकमेकांसाठी त्या लागतात, आणि इथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांना तर आईवडिलांच्या बोलीसाठीसुद्धा. अहिराणी किंवा मालवणी संवाद आले की पुण्याचा प्रेक्षक काय करतो? आणि आमची इथली मुलं? आईशी मराठीत बोलणारी मुलगी चित्रपटातल्या कोर्टाच्या प्रसंगात हरवते, मग फोन काढते. तरीही इथल्या एका मंडळाने लावलेल्या मराठी चित्रपटाला सबटायटल्स नव्हत्या. विचारलं तर उत्तर मिळालं, "येणारे सगळे आपलेच आहेत ना?"

त्याच रॉक्सीतल्या खेळानंतर प्रश्नोत्तरं झाली. पहिला प्रश्न एका निवृत्त अमेरिकन गृहस्थांचा: तुमच्या देशात स्त्रियांची स्थिती कशी आहे? दुसरा धर्माबद्दल. तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी दिग्दर्शिका हसून म्हणाली, "कुणीतरी आवाजाबद्दल विचारा हो, त्या वाऱ्याच्या आवाजावर आम्ही खूप काम केलंय." सभागृह हसलं, आणि मग एका मुलाने खरंच वाऱ्याबद्दल विचारलं. पुढचा वेळ मजेत गेला. आपला सिनेमा बाहेर नेला की आपल्यालाही हे भोगावं लागेल. प्रत्येक ग्रामीण चित्रपटानंतर जात आणि शेतकरी आत्महत्या, एवढंच विचारतील. विचारू देत. चौथा प्रश्न कॅमेऱ्याबद्दल येईपर्यंत तग धरायचा.

या महोत्सवाचं सगळंच छान चालतं असं नाही. आठवड्यातल्या मधल्या दिवशी खुर्च्या रिकाम्या दिसतात. एका संध्याकाळी लागोपाठ युद्ध, विस्थापन आणि तुरुंग बघून मी अक्षरशः गळून गेले होते. विनोदी चित्रपट आणखी हवेत. पण नटनट्यांना विमानाने आणल्याशिवाय आणि फोटोच्या रांगा लावल्याशिवायही लोक येतात, हे तिथे दिसतं. सिनेमाच्या बाहेरही तेच. 'झवाया' या संस्थेचा 'अस्वात' हा अरबी गाण्यांचा वृंद आहे. त्यात अरब नसलेले लोकही अरबी गाणी म्हणतात. आपल्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात एखादी मेक्सिकन बाई कोरसमध्ये उभी आहे, अशी कल्पना तरी आपण करतो का?

पैशाचं म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्को शहर १९६१ पासून हॉटेलात उतरणाऱ्यांकडून घेतलेल्या करातून कलासंस्थांना अनुदान देत आलं आहे. सॅन होजेतही हॉटेल करातून अशी अनुदानं दिली जातात. कार्यक्रम सर्वांसाठी खुला हवा आणि कागदपत्रं नीट हवीत. आपली मंडळं मात्र वर्गणी, तिकिटं आणि रिअल इस्टेट एजंटांच्या जाहिरातींवरच चालतात, म्हणून कार्यक्रमही वर्गणीदारांपुरते.

'थर्ड आय' ही इथली संस्था २००३ पासून दक्षिण आशियाई चित्रपटांचा महोत्सव भरवते. म्हणजे आयता रस्ताही आहे. मंडळांनी वर्षाला एक, फक्त एक, मराठी चित्रपट सबटायटल्ससह शहराच्या एखाद्या जुन्या थिएटरात लावावा. जाहिरात इंग्रजी आणि स्पॅनिशमध्येही द्यावी, आणि खेळानंतर मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकांना आधी प्रश्न विचारू द्यावेत. कोणता चित्रपट, यावरून भांडणं होतील. होऊ देत, त्यात आपला हात कोण धरणार!

आणि आपल्याला एक विनंती. परदेशातल्या मराठी महोत्सवाचा पुढचा वृत्तांत छापाल तेव्हा कोण कोण तारे आले याच्या जोडीने प्रेक्षकांत अमराठी किती होते, हेही वार्ताहराला विचारायला सांगा.

आपली,
एक वाचक
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया