आईची हिशेबाची वही

नाशिक, १५ जून २०२५

ती. आई आणि ती. बाबा,

साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोन मीच ठेवला. रेंज गेली नव्हती. दादाला तसं सांगितलं ते खोटं होतं. बाबा, तुम्ही म्हणालात, "काही म्हण, आणीबाणीत शिस्त तरी होती," आणि मला पुढे बोलवेना. तेव्हापासून आठवडाभर जेवताना तुमचा आवाज कानात येतोय. मला माफ करा. पुन्हा असं होणार नाही.

आता दुसरं. आई, माळ्यावरच्या ट्रंकेत हिशेबाची वही शोधू नकोस, स्टुलावर तर मुळीच चढू नकोस. वही माझ्याकडे आहे. पाडव्याला आले होते तेव्हा तुला न विचारता आणली. विचारलं असतं तर "त्या रद्दीत काय आहे" म्हणून तू ती कुठेतरी नाहीशी केली असतीस. तुझा कागद नाहीसे करण्याचा हात मला माहीत आहे. मी नऊ वर्षांची होते. पाटावर बसून बघत होते. तू बंबात एकेक पत्रक घालत होतीस आणि दर पत्रकागणिक खिडकीकडे बघत होतीस. त्या दिवशी आंघोळीचं पाणी इतकं कढलं की दोन बादल्या थंड पाणी घालावं लागलं.

येत्या २५ तारखेला आणीबाणीला पन्नास वर्षं होतील. त्या संध्याकाळी आमच्या वाचन मंडळात मी या वहीतली काही पानं वाचणार आहे. होकार देऊन झालाय. तुम्हाला विचारून मग द्यायला हवा होता, हे मला कळतं. पण मंडळातल्या पंधरावीस बायका आणि फार तर त्यांच्या सुना, एवढंच. आडनाव सांगणार नाही, चाळीचं नाव सांगणार नाही. "गोरेगावातली एक गृहिणी", बस. फोटो काढू देणार नाही.

आई, तू म्हणशील, घरातलं घरात. पण त्या वहीत घरातलं असं काय आहे? रॉकेल, डालडा, शाळेची फी, बाबांचा पास. आणि मधूनच, १९७२ च्या पावसाळ्यानंतर, "मोर्चा, लोकल जाऊन-येऊन". तेच मला वाचायचं आहे. दुष्काळात रेशनला ती लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी तव्यावरून उचलली की तुटायची आणि बाळ्या रडायचा. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती त्याच वर्षी उभी राहिली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी. एक समाजवादी, दुसरी कम्युनिस्ट, आणि सगळ्यांच्या हातात थाळी-लाटणं. आपल्या लाटण्याच्या एका टोकाला खोक पडली होती. त्याच लाटण्यावर तू नंतर कितीतरी वर्षं पोळ्या लाटल्यास आणि प्रत्येक पोळीच्या कडेला बारीक रेघ उमटायची. मी डबा उघडला की ती रेघ आधी बघायचे.

आता बाबा, रागवू नका, शांतपणे वाचा. चष्मा नवा आणलाय ना दादाने? तो लावून वाचा, जुना नको.

आणीबाणीत भाव उतरले होते हे खरं आहे, मी नाकारत नाही. १९७४ मध्ये महागाईचा दर २५ टक्क्यांच्या वर गेला होता. रॉकेलच्या रांगेत बायकाच म्हणायच्या की एखादा दांडकेवाला हवा, म्हणजे साठेबाज सरळ होतील. मी आईचा पदर धरून उभी असायचे, मी ऐकलंय. पण चढण १९७४ संपता संपताच थांबत आली होती आणि १९७५ चा पाऊसही चांगला झाला. श्रेय मात्र सगळं शिस्तीला गेलं. साठेबाजांवर धाडी पडल्या तशा थाळी वाजवणाऱ्या बायकाही तुरुंगात गेल्या. भाव का वाढला हे विचारणारं कुणी उरलंच नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणजे सगळं आलबेल आहे असं वाटायला लागलं.

आणि तुमचा बोनस? ८.३३ टक्क्यांचा ४ टक्के झाला तो त्याच शिस्तीत, वटहुकुमाने. संप करायची सोय नव्हती. मालकांनी टाळं लावायची सोय मात्र होती. तुमच्या कारखान्याला आठ महिने टाळं होतं. वहीत ते आठ महिने आईच्या अक्षरात आहेत. फॉल-बीडिंग, ब्लाउज, हुका लावणे, आणि एका पानावर फक्त "पाटल्या". पुढे आकडा नाही.

बाबा, मला वाटतं, तुम्हाला वेळेवर धावणारी लोकल आठवते कारण ते आठ महिने आठवायचे नसतात. चुकत असेन तर तसं सांगा. पण त्यात तुमचं काही उणं नव्हतं. रोज सकाळी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचात, आम्हा पोरांना कळू नये म्हणून. आणि संध्याकाळी खिशातून दोन लिमलेटच्या गोळ्या निघायच्या. तिघांत दोन. एक दातांनी फोडून अर्धी तुम्ही मला द्यायचात, दादाला कळू न देता. अजूनही लिमलेटची गोळी दिसली की मी घेते, डॉक्टर नको म्हणतात तरी.

ऑगस्ट ७६ चं पान मी वाचणार नाही. त्या वर्षी तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं, एवढंच मी माझ्या तोंडाने सांगेन. पुढे त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि कायदा झाला नाही, तेही सांगेन. पण त्या आधीच घराघरांत काय ठरून गेलं होतं ते सांगणार नाही. "तुम्ही नका जाऊ, मी जाते," हे मी गोधडीतून ऐकलं होतं, आई. आज पहिल्यांदा सांगतेय. ते पान मी क्लिप लावून बंद केलंय.

तुझी खरी भीती दुसरीच आहे, तीही मला माहीत आहे. समोरच्या काकूंची. काका मिसाखाली, त्या विनाचौकशी डांबायच्या कायद्याखाली, आत गेले. देशभरात मिसा आणि इतर कायद्यांखाली मिळून लाखाहून जास्त माणसं गेली, त्यांतले एक. साध्या कपड्यातले दोघे चौकशीला आले, तेव्हा तू दारात उभं राहून म्हणालीस, "आमचं त्यांच्याकडे येणं-जाणं नाही." काकू त्यांच्या दाराआडून ऐकत होत्या. त्यानंतर हळदीकुंकवालाही तू गेली नाहीस. आपण त्या बाईला तोंडघशी पाडलं, हे तू मला माझ्या बाळंतपणात सांगितलं होतंस, रात्री, तेल चोळताना.

वहीत काय आहे वाचू? ऑक्टोबर ७५: "समोर, ज्वारी २ किलो. परत घ्यायची नाही." डिसेंबर: "समोर, साखर, मुलांसाठी." दर महिन्याला आहे, आई. टाळं लागलं त्या आठ महिन्यांतही आहे, फक्त किलोचा अर्धा किलो झालाय. कुणाच्या हाती पाठवायचीस? बाळ्याच्या? तू स्वतःला इतकी वर्षं उगाच बोल लावलास. हे पान मात्र मी वाचणारच.

हट्ट का, ते सांगते. मंडळातल्या निम्म्या बायकांच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते आहेत. एका गटाचं फेडायला दुसऱ्या गटाचं घ्यायचं, असं चाललंय. त्यांची शिकलेली पोरं घरी बसून म्हणतात, एकच खमका माणूस हवा, बाकी सगळे गप्प केले पाहिजेत. आणि आया माना डोलावतात, कारण दमल्यात. मला त्यांना भाषण द्यायचं नाही. दुर्गाबाई भागवत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात उभ्या राहून बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या, तेवढी हिंमत माझ्यात नाही. मला फक्त तुझा हिशेब वाचायचा आहे. जून ७५ नंतर त्यात मोर्चा नाही. एकवीस महिने नाही. मग मार्च ७७ मध्ये एकदम, "पेढे, पाव किलो". कशाचे ते लिहिलेलं नाही. त्या आठवड्यात इंदिरा गांधी हरल्या आणि मृणालताई, म्हणजे आपली पाणीवाली बाई, आणि अहिल्याताई दोघी मुंबईतून खासदार झाल्या. "पाणीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" असं ओरडत बाळ्या गॅलरीभर धावत होता आणि बाबा, तुम्ही त्याला थांबवलं नाहीत. उलट हसत होतात. आठवतंय का?

वही जुलैत मी स्वतः परत आणते. प्लास्टिकच्या पिशवीत, वर सुती कापड गुंडाळून ठेवली आहे. चार दिवस राहीन. तोपर्यंत ऐका. बाबा, बाथरूममध्ये रबरी चटई टाकल्याशिवाय आंघोळ करायची नाही आणि आतून कडी लावायची नाही. पावसात बँकेत जाऊ नका, दादा जाईल. आई, रक्तदाबाची गोळी सकाळी, जेवल्यावर आठवली तेव्हा नाही. वटपौर्णिमेचा उपास केलास हे मला वहिनीने सांगितलंय, पुढच्या वर्षी चालणार नाही. भाकरीचं पीठ वहिनीला मळू दे. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही.

२५ तारखेला संध्याकाळी सहाला मी सुरू करेन. त्या आधी तुला एखादं पान नको वाटलं तर फोन कर, मी त्यालाही क्लिप लावीन. फक्त "समोर"चं सोडून. आणि बाबा, फोन तुम्ही केलात तर मला जास्त आवडेल. शिस्तीबद्दल बोललात तरी चालेल, मी ठेवणार नाही.

तुमची,
बेबी

ता. क. आई, एप्रिल ७६ मध्ये "ल. दुरुस्ती, चार आणे" असं आहे. ल. म्हणजे लाटणंच ना?